गंगाधर घाडी पेटी शिकतात

खोटं बोलायचं तर माणसानं थोडी तयारी करून बोलावं. गंगाधर घाडींना ती सवड मिळाली नाही. गुरुवारी संध्याकाळी दादरला फुलबाजारामागच्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीचा जिना उतरून ते रस्त्यावर पाऊल टाकतात न टाकतात, तोच समोर बकुळाकाकू उभ्या. एका हातात शेवंतीचा पुडा, दुसऱ्या हातात पिशवी, आणि नजरेत ती चौकसबुद्धी, जिच्यामुळे लालबागला दोघं राहत त्या इमारतीत निम्म्या लोकांनी वर्तमानपत्र बंद केलं होतं.

"गंगाधरा, तू हय खय?" काकूंनी विचारलं.

आता खरं उत्तर असं होतं, की घाडी दुसऱ्या मजल्यावरच्या रुपालीमॅडमकडून येत होते आणि रुपालीमॅडम मनाच्या डॉक्टर होत्या. चाळ पाडून टॉवर झाला आणि घाडी नवव्या मजल्यावर राहायला गेले, तेव्हापासून लिफ्टचं दार बंद झालं की त्यांची छाती धडधडायची, हातापायांना घाम सुटायचा आणि आपण आता तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये मरणार अशी त्यांची खात्री पटायची. पुढे पुढे लिफ्ट नसतानाही हे होऊ लागलं. ऑफिसात, बँकेत, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना. छातीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या. फॅमिली डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, मन दमलंय. घाडींना त्याचा फार अपमान वाटला. त्यांच्या घराण्यात गुडघे दमत, डोळे दमत, फार तर पचन दमे. पण मन दमल्याचं सात पिढ्यांत ऐकिवात नव्हतं. तरी ते गेले. पहिल्या दिवशी रागावून गेले, दुसऱ्या वेळी भीत भीत गेले, आणि त्यानंतर गुरुवारची वाट बघू लागले.

पण हे शेवंतीच्या पुड्यासमोर कसं सांगणार? घाडींनी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावर पाटी होती: हार्मोनियम, तबला, गायन.

"पेटी शिकतंय, काकू," घाडी म्हणाले.

काकूंनी त्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. घाडी नुकतेच वर तासभर बोलून, आणि त्यातला काही वेळ रडून आले होते. डोळे लाल का, असं काकूंनी विचारलं, तेव्हा घाडी म्हणाले, आज भैरवी होती. आता काकूंचे कैलासवासी यजमान जन्मभर भजनाचे बुवा. तिन्हीसांजेला भैरवी कोण शिकवतं, ही शंका त्यांनी लगेच काढली. घाडींनी सांगितलं की मी नवीन आहे, वेळेचा भाग अजून आलेला नाही. हे उत्तर काकूंना पटलं की नाही देव जाणे, पण घाडी जिने चढून नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत ते पेटी शिकत असल्याची बातमी लिफ्टनं त्यांच्या आधी वर पोचली होती.

दार दुर्गानं उघडलं, आणि तिचा चेहरा पाहून घाडी उंबऱ्यातच थबकले. ती हसत होती. हा माणूस गेले कित्येक महिने जेवताना भिंतीकडे बघतो, रात्री उठून गॅलरीत उभा राहतो, विचारलं तर 'काही नाही' म्हणतो, याची तिनं किती धास्ती घेतली होती ते तिच्या त्या हसण्यातून कळत होतं. तिनं विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, मला अचानक वाजवून दाखवणार होतात ना, मला माहितीय. घाडींनी मान हलवली. त्या एका हलवलेल्या मानेनं त्यांचा पुढचा सगळा महिना खाल्ला.

दुर्गाला खरं न सांगण्याचं कारण होतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिच्या धाकट्या मावशीला तरुणपणी असंच काहीतरी झालं होतं. गावात तिला 'वेडी' ठरवून एका भगताकडून दुसऱ्या भगताकडे फिरवत नेलं होतं, आणि लहानग्या दुर्गानं ते सगळं पाहिलं होतं. टीव्हीवर नुसता मनाच्या आजाराचा कार्यक्रम लागला तरी ती चॅनल बदलायची. आपला नवराही त्याच वाटेनं निघाला असं तिला वाटलं तर? रुपालीमॅडम दर गुरुवारी सांगत, घरात एकाला तरी सांगा. घाडी दर गुरुवारी म्हणत, गणपती होऊन जाऊ देत.

आणि गणपती तर यंदा घाडींच्याच घरी येणार होता. इतकी वर्षं तो कॉटन ग्रीनला थोरल्या भावाकडे बसायचा. पण भावाच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे मान धाकट्याकडे आला. म्हणजे मखर घाडींचं, नैवेद्य घाडींचा, आणि तिसऱ्या दिवशीचं भजनही घाडींच्याच दिवाणखान्यात. भजन इमारतीतल्या मंडळाचं. मंडळाचे बुवा लवू, वय सत्तरीच्या आसपास, पूर्वी गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर, आता भजनात. मुंबईत गणपतीला भजनी मंडळ चालवणं किती अवघड असतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. ऐन हंगामात निम्मी माणसं कोकणात पळतात. यंदा मंडळाचा पेटीवाला प्रफुल्लही गावाला चालला होता. त्यामुळे घाडींची बातमी कानावर येताच लवूबुवा स्वतः वर आले, पाटावर बसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, तुझी पट्टी कुठली, काळी चार की पांढरी पाच?

घाडी म्हणाले, "दोन्ही."

बुवांनी एवढा आत्मविश्वास कुठल्याच पेटीवाल्यात पाहिला नव्हता. त्यांनी लगेच जाहीर करून टाकलं की तिसऱ्या दिवशी पेटीवर गंगाधर बसणार. घाडींनी 'अजून कच्चा आहे' वगैरे म्हणून पाहिलं, पण कोकणी माणसात 'कच्चा आहे' असं तेच म्हणतात जे पक्के असतात, त्यामुळे त्यांचं वजन आणखी वाढलं.

त्यात दुर्गानं कळस केला. गिरगावात तिचे मनूमामा राहत. त्यांच्या माळ्यावर एक जुनी पेटी होती. दुर्गानं ती मागितली, आणि मामांनी डोळ्यांत पाणी आणून दिली. वर असंही सांगितलं की या पेटीला इतक्या वर्षांनी हात लागतोय, तेव्हा भजनाला मी स्वतः ऐकायला येणार. ही पेटी टॅक्सीतून इमारतीच्या दारात आली आणि तिथे सेक्रेटरी हितेंद्र यांनी तिला अडवलं. सोसायटीच्या नियमाप्रमाणे अवजड वस्तू माणसांच्या लिफ्टमधून नेता येत नाही. सामानाच्या लिफ्टसाठी अर्ज करावा लागतो. आणि सामानाची लिफ्ट गणपतीच्या सजावटीच्या फेऱ्यांत अडकलेली होती. पेटी ही वस्तू आहे की वाद्य, आणि वाद्य असलं तर अवजड आहे की नाही, यावर हितेंद्र आणि बकुळाकाकू यांच्यात बराच खल झाला. शेवटी घाडी म्हणाले, नियम म्हणजे नियम, आणि पेटी डोक्यावर घेऊन जिन्यानं निघाले. त्यांना लिफ्ट टाळायला कारण मिळालं होतं, पण बघणाऱ्यांना त्यात शिस्त दिसली. पुढच्या सभेत हितेंद्रांनी त्यांचं उदाहरण दिलं. घाडींची मान दोन दिवस दुखत होती, ती अभिमानानं ताठ झाली असावी असा समज पसरला.

आता पेटी घरात आली म्हणजे वाजवणं आलं. घाडी भाता मारायचे आणि एक पट्टी दाबून धरायचे. त्या एका सुरावर ते इतका वेळ थांबत, की खालच्या मजल्यावरच्या कालिंदीबाईंना वाटलं पाण्याचा पंप बिघडला. त्यांनी प्लंबर बोलावला. खरा प्रकार कळल्यावर त्या तक्रार करायला वर आल्या आणि सल्ला देऊन गेल्या, बोटांना रोज तिळाचं तेल लावा. दुसऱ्या कुणी सांगितलं, वेखंड चघळा. वेखंड गळ्यासाठी असतं, बोटांसाठी नव्हे, हे सांगायची घाडींची प्राज्ञा नव्हती; ते चघळत बसले आणि दिवसभर कशाचीच चव लागली नाही. हितेंद्रांनी सरावाची वेळ ठरवून दिली आणि त्या वेळात आजूबाजूची घरं भाजी आणायला बाहेर पडू लागली. एकटी दुर्गा मात्र स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, आज कालच्यापेक्षा बरं वाटलं. तिचं ते ऐकून घाडींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी ते खरंच पहिल्या मजल्यावरच्या क्लासात गेले. रुपालीमॅडमच्या बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी या क्लासातली पेटी जमिनीतून वर येताना इतक्या वेळा ऐकली होती, की आपण अर्धे विद्यार्थी आहोतच असं त्यांना वाटत होतं. त्यांनी गुरुजींना विनंती केली, गणपतीपर्यंत एक अभंग तरी बसवून द्या. गुरुजींनी त्यांची बोटं एकदा हातात घेऊन पाहिली आणि शांतपणे विचारलं, कुठल्या सालच्या गणपतीपर्यंत?

मग राहिला शेवटचा उपाय, म्हणजे दुखापत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घाडींनी उजव्या हाताला भलंथोरलं बँडेज बांधलं आणि मखर बांधताना हातोडी बसली असं सांगितलं. बकुळाकाकू तासाभरात हळदीचा गरम लेप घेऊन हजर. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पट्टी सोडलीसुद्धा. आतून जो हात निघाला तो लग्नात होता त्याहून गोरागोमटा होता. घाडी म्हणाले, मुका मार आहे. काकू म्हणाल्या, मुक्या माराला पट्टी नसते, शेक असतो. आणि त्यांनी तो चटका बसेपर्यंत दिला. आता मात्र हात खरोखरच दुखू लागला, पण तोवर त्याच्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

गणपती आला. आता सगळ्या घरांत येतो तसाच आला, पण घाडींना तो आपल्याकडे जरा रोखून बघतोय असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवाणखाना भरला. मधोमध लवूबुवा, बाजूला मृदंग, चार झांजा, पुढ्यात पुसून लख्ख केलेली पेटी. खुर्चीत मनूमामा, त्यांच्या मागे हितेंद्र आणि कालिंदीबाई, पुढे मांडी घालून बकुळाकाकू. दुर्गानं नवी साडी नेसली होती. आरती झाली. घाडींची छाती धडधडायला लागली होती. रुपालीमॅडमनी शिकवल्याप्रमाणे ते सावकाश श्वास घेत होते, सोडत होते. बघणाऱ्यांना वाटलं, कलाकार एकाग्र होतोय.

आणि मग लवूबुवा म्हणाले, "गंगाधरा, आधी गाऱ्हाणा घाल. मगे पेटीर बस."

हे घाडी विसरलेच होते. पेटीच्या धसक्यात गाऱ्हाणं डोक्यातून पार गेलं होतं. गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या कर्त्यानं देवापुढे उभं राहून, सगळ्यांसमक्ष, मोठ्यानं घरचं सुखदुःख सांगायचं, मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून पाठिंबा द्यायचा. गावी हा मान घाडींचाच. तेच त्यांचं काम आणि त्यावरूनच त्यांचं आडनाव. आणि याला कायदा एकच: गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही. बकुळाकाकूंशी खोटं बोलता येतं, सेक्रेटरीशी तर बोलावंच लागतं. पण गाऱ्हाण्यात खोटं घातलं तर ते घरावर उलटतं, असं घाडींनी वडिलांकडून आणि वडिलांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं.

घाडी हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज ह्या लेकरांनी तुझी जी काय वाकडीतिकडी सेवा केली आसा, ती गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

थोरल्याचे गुडघे बरे कर, झालं. कालिंदीबाईंच्या मुलाची परीक्षा, झाली. इमारतीला पाणी वेळेवर येऊ दे, याला हितेंद्रांचा आवाज सगळ्यात मोठा होता. घाडी थांबले. मागून लवूबुवांनी हळूच सांगितलं, पेटीचं पण घाल, पेटीला यश माग. दुर्गानं समोरून हसून मान हलवली. घाडींनी देवाकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नाही. ते आपोआप निघालं.

"म्हाराजा, हो गंगाधर पेटी शिकत नाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सवयच तशी असते. अर्थ मागून येतो.

"तो दर गुरवारी दादराक जाता, ता मनाच्या डॉक्टरणीकडे जाता."

"व्हय म्हा..." इथे आवाज विरळ झाला. मनूमामा खुर्चीत पुढे सरकले. कुणाची तरी झांज हातातून निसटून किणकिणली.

"लिफ्टीत चढलो की त्याचो जीव घाबरता म्हाराजा. आता मरतलंय असा वाटता."

यावर कुणीच काही बोललं नाही. दिवाणखान्यात समईच्या वाती तेवढ्या हलत होत्या. घाडी उघडे पडल्यासारखे उभे होते, आणि त्या शांततेत लवूबुवा मागे वळून अख्ख्या मंडळावर डोळे वटारून म्हणाले, "गाऱ्हाणा मधीच सोडतत रे? जाब द्या त्येका!" आणि म्हाताऱ्यानं स्वतः छातीतून आवाज काढला, "व्हय म्हाराजा!" मग बकुळाकाकू म्हणाल्या, मग हितेंद्र, मग सगळेच, आधीपेक्षा मोठ्यानं.

घाडींचा आवाज आता सापडला होता. "ह्या त्याने आपल्या बायलेक सांगूक नाय म्हाराजा. तिका भिया वाटात म्हणान सांगूक नाय. तिच्याशी खोटा बोललो. त्याचा चुकला, ता पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" झांजासुद्धा वाजल्या. एकटी दुर्गा उठली आणि आत निघून गेली.

घाडी मटकन खाली बसले. बुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार काही नाही, एवढंच बोलले, "गिरण बंद पडली तेव्हा वरीसभर माझो डोळ्याक डोळो लागाक नाय. तेव्हा असली डॉक्टरीण नव्हती. गुत्तो होतो." आणि पेटी बाजूला सारून त्यांनी मृदंगाला खूण केली. बकुळाकाकू तेवढ्यात पुटपुटल्याच, की भैरवी तिन्हीसांजेला असूच शकत नाही हे मी तेव्हाच ओळखलं होतं. मनूमामांनी पेटीचा भाता हळूच मिटवला आणि तिच्यावर हात ठेवून ते भजन ऐकत राहिले.

घाडी स्वयंपाकघरात गेले. दुर्गा ओट्याकडे तोंड करून उभी होती. चहाचं आधण ठेवलेलं, पण गॅस पेटवलेला नव्हता. घाडी दारात उभे राहिले.

"त्या बाईशी तासभर बोलता तुम्ही?" दुर्गानं मागे न वळता विचारलं.

"हो."

"माझ्याशी काय बोलता? मीठ कमी आहे. मीठ जास्त आहे." ती वळली. तिचे डोळे भरले होते, आणि ती रागावलेली होती, दोन्ही. "मावशीचं झालं तसं होईल म्हणून मला सांगितलं नाहीत ना?"

"तू घाबरली असतीस," घाडी म्हणाले.

"घाबरले असते," दुर्गा म्हणाली. "मग? दोघं घाबरलो असतो."

इतक्या महिन्यांत त्यांनी वाईटात वाईट काय होईल याचे नाना प्रकार कल्पून ठेवले होते. त्यात हे कुठेच नव्हतं. त्यांना एकदम रडू आलं, आणि या वेळी त्यांनी ते कुठल्याही रागावर ढकललं नाही. दुर्गानं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. मावशीला कुणी विचारलंच नाही रे कधी, ती म्हणाली, तुला काय होतंय म्हणून; नुसते सगळे तिच्याकडे बघायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्यांना अरेतुरे करत होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग तिनं स्टूल ओढलं, त्यांना बसवलं, स्वतः खाली पाटावर बसली आणि म्हणाली, आता मला सांग. पहिल्यापासून. लिफ्टीत नेमकं काय होतं?

घाडी सांगू लागले. आधी अडखळत, मग भडाभडा. बाहेर पहिला अभंग संपून दुसरा सुरू झाला. बकुळाकाकू चहाची चौकशी करायला एकदा दारापर्यंत आल्या, दुर्गानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या आयुष्यात पहिल्यांदाच काही न विचारता परत गेल्या. तिसरा अभंग झाला, गजर झाला, मंडळी घसा खाकरून एकमेकांकडे बघू लागली, आणि आतलं बोलणं काही संपेना.

घाडींच्या घरी भजनाला चहा मिळाला नाही, ही गोष्ट इमारतीत अजून निघते. कोकणी माणसाच्या घरी एवढं भजन व्हावं आणि घोटभर चहा मिळू नये, याला काय म्हणावं, असं लवूबुवा अजून बोलून दाखवतात. त्या दिवशीचं बाकीचं कुणी काढत नाही.